बालहक्कांच्या चित्रात कोयता बसत नाही

२००९ सालचा नोव्हेंबर. मी जिंतूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावीला होतो. दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा उघडली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सरांनी सांगितलं, बालहक्कांवर चित्रकला स्पर्धा आहे, सगळ्यांनी भाग घ्यायचा. बालहक्क म्हणजे काय हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. सरांनी फळ्यावर चार शब्द लिहिले: जगण्याचा, संरक्षणाचा, विकासाचा, सहभागाचा. आम्ही ते वहीत उतरवले, कारण फळ्यावर काही आलं की ते उतरवून घ्यायचं एवढं आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

बसकरपट्टीवर माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिथे बसणारा माझा मित्र दसरा झाल्यावर आईबापासोबत ऊसतोडीला गेला होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तो आज स्वतः टोळी घेऊन जातो आणि त्याला हे आवडणार नाही. तर मला जे सुचलं ते मी काढलं. उसाचा फड, पाचटाची कोपी, कोपीच्या तोंडाशी बसलेलं रडकं लहान भावंड आणि मधोमध माझा मित्र, हातात कोयता. कोयता मला फार छान जमला होता, हे मी आजही सांगतो.

सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. "कोयता कामून काढला रे? मारामारीचं चित्र आहे का हे?"

मी मित्राचं नाव घेतलं.

"ते माहितंय मला. पण साहेब येणारेत तालुक्याहून. दुसरा कागद घे. पृथ्वी काढ गोल, अन् भोवती लेकरं काढ हात धरून." पृथ्वी गोल यावी म्हणून त्यांनी स्वतःच्या जेवणाच्या डब्याचं झाकण मला दिलं. त्या पृथ्वीला दुसरं बक्षीस मिळालं. एक कंपासपेटी आणि माझं आडनाव चुकवलेलं प्रमाणपत्र.

सरांवर माझा राग नाही. ते चांगले शिक्षक होते. माझं गणित त्यांच्यामुळे पक्कं झालं आणि आज पुण्यात कोड लिहून पोट भरतो त्यात त्यांचा वाटा आहे. पण त्या दिवशी बालहक्क शिकवता शिकवता त्यांनी एका पोराला सांगितलं की तुला दिसतं ते काढू नको, साहेबाला बघायला बरं वाटेल ते काढ. आणि हे एकट्या सरांचं नव्हतं. सगळ्या जिल्ह्यात तेच चाललं होतं, आजही चाललंय. म्हणून आधीच स्पष्ट लिहितो: बालहक्कांच्या नावाने आपण दरवर्षी ज्या चित्रकला स्पर्धा घेतो, त्या बंद केल्या तर एकाही मुलाचा एकही हक्क कमी होणार नाही. उलट एक तरी वाढेल.

कोणता हक्क, तर आपलं म्हणणं मांडण्याचा. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली, भारताने ती ११ डिसेंबर १९९२ ला मान्य केली. तिच्या बाराव्या कलमात आहे की मुलाशी संबंधित प्रत्येक बाबतीत मुलाला आपलं मत सांगता आलं पाहिजे आणि त्या मताला वजन मिळालं पाहिजे. तेरावं कलम तर थेट आपल्या विषयाचं आहे. बोलून, लिहून, छापून किंवा कलेतून, मूल स्वतः निवडेल त्या माध्यमातून व्यक्त होण्याचं स्वातंत्र्य त्यात दिलंय. एकतिसावं कलम विश्रांती, खेळ आणि कलेत सहभागाचं. म्हणजे चित्र काढणं हा स्वतःच एक बालहक्क आहे. आता आपली स्पर्धा बघा. माध्यम आयोजक ठरवतो, विषय आयोजक ठरवतो, घोषवाक्य शिक्षक देतात, वेळ दोन तास, कागद पाव आकाराचा, आणि मुलाने त्यात काय ठरवायचं? पृथ्वी निळी की आकाशी.

कॅलेंडरची गंमत तर आणखी भारी आहे. बालहक्क सप्ताह असतो १४ ते २० नोव्हेंबर. चौदाला बालदिन, वीसला जागतिक बालदिन, त्यामुळे दिल्लीच्या किंवा न्यूयॉर्कच्या टेबलावर हा आठवडा एकदम सोयीचा. आपल्याकडे त्या आठवड्यात काय असतं? कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू झालेले असतात. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या पट्ट्यातल्या वाड्यातांड्यांवरून मुकादमाच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघून गेलेल्या असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि कोयत्यामागे उचल मिळते. आजी-आजोबा असतील तर लेकरं मागे राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृह मिळालं तर तिथे. बाकीची कोपीवर. म्हणजे ज्या पोरांच्या हक्कांविषयी चित्र काढायचं, ती पोरं वर्षातल्या नेमक्या त्याच आठवड्यात वर्गात नसतात. ती परत येतात मार्च-एप्रिलात, तेव्हा वार्षिक परीक्षेची घाई असते. कोणी मुद्दाम आखायला बसलं असतं तरी इतकं अचूक जमलं नसतं.

त्याच आठवड्यांत तुळशीची लग्नं लागतात आणि माणसांच्या लग्नांचा हंगाम उघडतो. इथे परभणीकर म्हणून मान खाली घालायची वेळ येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांना विचारलं होतं की तुमचं लग्न अठराच्या आत झालं का. महाराष्ट्रात हो म्हणणाऱ्यांचं प्रमाण २१.९ टक्के. परभणी जिल्ह्यात ४८ टक्के, राज्यात सगळ्यात जास्त. जवळपास निम्म्या. या आकड्यानंतर आपल्याकडे चित्रकला स्पर्धांचा विषय हमखास ‘बालविवाह मुक्त गाव’ असतो, आणि बक्षीस मिळतं ते अर्थातच मुंडावळ्या बांधलेल्या रडक्या मुलीच्या चित्राला, ज्यावर लाल फुली मारलेली असते.

ती फुली कोणाला दाखवायची असते? ते चित्र काढते सातवी-आठवीतली मुलगी. तिचं लग्न ठरवतात घरचे, जमवतो एखादा मामा, पंगतीला बसतं सगळं गाव. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात गावपातळीवर हे थांबवायची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. यांपैकी कोणालाही दोन तास बसवून चित्र काढायला सांगत नाहीत. संदेश द्यायचं काम तिच्यावर, जिला त्यातलं काहीच ठरवता येत नाही. घरात आग लागल्यावर आतल्या माणसाच्या हातात ‘आग विझवा’ असा फलक देण्यासारखं आहे हे.

आता माझ्या स्वतःच्या लबाडीकडे येतो.

गेल्या वर्षी गावाकडच्या एका मुख्याध्यापकांचा व्हॉट्सअॅप आला. "आपण इंजिनिअर आहात, गावाचं नाव काढलंत, यंदा परीक्षक म्हणून सहकार्य करावे." इंजिनिअरला चित्रातलं काय कळतं हा प्रश्न त्यांनाही पडला नाही, मलाही नाही. छाती फुगली, हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी ११४ चित्रांचे फोटो आले आणि सोबत गुणांचा तक्ता. विषयाची मांडणी १०, रंगसंगती १०, नीटनेटकेपणा ५, संदेश ५. एकूण ३०.

शनिवारी रात्री खोलीवर बसून बघायला घेतली. पहिल्या वीस-पंचवीस चित्रांतच अंदाज आला. पृथ्वी आणि भोवती मुलं. उघडं पुस्तक आणि त्यातून पंख लावून उडणारी मुलगी. बेडी तोडणारी पेन्सिल. दोन तळहातांवर उगवलेलं रोप. नंतर यूट्यूबवर शोधलं, तर तेच तळहात, त्याच कोनात, सोप्या पद्धतीने काढायला शिकवणारा व्हिडिओ सापडला. मुलांना नावं ठेवायची नाहीत मला. चुकलं तर मार्क जातील अशी भीती असली की माणूस स्टॅक ओव्हरफ्लोवरून उत्तर उचलतो, हे मी रोज करतो.

मग एक चित्र आलं. सातवीतल्या मुलीचं. स्केचपेनने काढलेली एक गल्ली. दोन्ही बाजूंना घरं, आणि प्रत्येक दाराला कुलूप. कुलपं तिने घरांच्या मानाने खूपच मोठी काढली होती, दाराएवढी. शेवटच्या एका दारात म्हातारी बसलेली, तिच्या मांडीवर लेकरू, बाजूला एक शेळी. माणसं एवढीच. खाली घोषवाक्य नव्हतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात, "आमची गल्ली दिवाळीनंतर".

मी फोन खाली ठेवला. उठून पाणी प्यायलो. पंधरा वर्षांपूर्वी जे मला काढता आलं नव्हतं ते या पोरीने काढलं होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं. तिने कोयता काढलाच नव्हता. तिला गरजच पडली नव्हती.

मग मी तक्ता उघडला. विषयाची मांडणी: दहापैकी दहा. रंगसंगती: तीनच रंग वापरलेत, कुलपांचा काळा पसरलाय, चार. नीटनेटकेपणा: दोन. संदेश: घोषवाक्य नाही, तक्त्याच्या खाली स्पष्ट लिहिलेलं की घोषवाक्य नसेल तर गुण देऊ नयेत. शून्य. एकूण सोळा. मी स्वतःच्या हाताने भरलेत हे आकडे. इतर दोन परीक्षकांनी किती दिले माहीत नाही, पण निकालात तिचं नाव नव्हतं. पहिलं आलं पंखवालं पुस्तक.

मुख्याध्यापकांना मी नंतर त्या चित्राबद्दल विचारलं. ते म्हणाले, "हो सर, बघितलं. पोरगी हुशार आहे. पण विषय नाही कळत त्यात."

निकालाची लिंक भरायला त्यांनी माझीच मदत घेतली, त्यामुळे तो फॉर्मही मला बघायला मिळाला. कामाच्या ठिकाणी मी असलेच फॉर्म बनवतो, म्हणून जरा निरखून पाहिला. शाळेचा सांकेतिक क्रमांक, सहभागी मुलं, सहभागी मुली, कार्यक्रमाचे फोटो, प्रमुख पाहुण्यांचं नाव. बास. मुलांनी काय काढलं, याला अख्ख्या फॉर्ममध्ये एक रकाना नाही. आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट लगेच शिकायला मिळते: ज्या माहितीला रकाना नाही ती माहिती कोणालाच नको आहे. शंभर मुलांनी शंभर कुलपं काढली असती तरी वर गेला असता तो आकडा शंभरच, आणि सोबत हार घातलेल्या पाहुण्यांचा फोटो.

माझा एक मित्र जिल्हा परिषदेत शिक्षक आहे. त्याला हे सगळं बोललो तर भडकलाच. "तुला पुण्यात बसून बोलायला काय जातंय? इथं एक लिंक भरून होत नाही तर दुसरी येते. निवडणूक आमच्यावर, सर्व्हे आमच्यावर, खिचडीचा हिशोब आमच्यावर. अन् तुला सांगतो, वर्षभरात लेकराच्या हातात कोरा ड्रॉइंग पेपर पडतो तो ह्या एका दिवशी. तेबी बंद करा म्हण."

त्याचं शेवटचं वाक्य मला झोंबलं, कारण ते खरं आहे. माझ्या हातातही तो कागद त्याच दिवशी पडला होता. पण मग हे कोणाचं लाजिरवाणं प्रगतिपुस्तक आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. आमच्या शाळेत चित्रकलेला वेगळं माणूस मी कधी पाहिलं नाही. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला भाग पुरा करायचा तास. वर्षभर कला द्यायची नाही आणि एका दिवशी तिची स्पर्धा लावायची, हे पोहायला न शिकवता शर्यत ठेवण्यासारखं. कोरा कागद हवाच. बक्षीस, परीक्षक आणि तक्ता कशाला हवेत, एवढंच माझं विचारणं आहे.

यावर कोणी म्हणेल, पोरांच्या चित्रांना एवढं काय मनावर घ्यायचं. जगाने घेतलंय. २००७ मध्ये ‘वेजिंग पीस’ या संस्थेची एक संशोधक चाडमधल्या निर्वासितांच्या छावण्यांत दारफूरहून पळून आलेल्या बायकांशी बोलायला गेली होती. बायका म्हणाल्या, आमच्या मुलांनाही विचारा. तिने मुलांना कागद-पेन्सिली दिल्या आणि ठळक आठवण काढायला सांगितली. सुमारे ५०० चित्रं जमली. जळणाऱ्या झोपड्या, हेलिकॉप्टर, बंदुका, रणगाडे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ती चित्रं पार्श्वभूमी स्पष्ट करणारा पुरावा म्हणून स्वीकारली. पोरांनी काढलेलं हत्यार तिथे न्यायालयापर्यंत गेलं. माझा कोयता वर्गाबाहेर गेला नाही.

दुसरं उदाहरण याहून जुनं. दुसऱ्या महायुद्धात चेकोस्लोव्हाकियातल्या तेरेझीनच्या ज्यू वस्तीत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची चित्रकार कैदेत होती. ती तिथल्या मुलांना चोरूनमारून चित्रकला शिकवायची. कागद मिळेल तो, हिशोबाच्या फॉर्मांची पाठकोरी बाजूसुद्धा. प्रत्येक मुलाने आपल्या चित्रावर आपलं नाव लिहायचं, हा तिचा आग्रह. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशवित्झला नेऊन मारलं, तिच्या बहुतेक विद्यार्थ्यांनाही. पण सुमारे ४,५०० चित्रं सुटकेसमध्ये लपवलेली राहिली आणि आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यात तिमजली फळ्यांच्या बिछान्यांची चित्रं आहेत तशीच फुलांची, फुलपाखरांचीही आहेत. म्हणजे मुलाला मोकळं सोडलं की ते सतत दुःखच काढतं असं काही नाही. काही पोरं ट्रॅक्टर काढतील, काही विराट कोहली. काढू द्या की. फुलपाखरू काढणाऱ्याला ‘संदेश कुठाय’ म्हणून शून्य देऊ नका.

आणि आपल्याकडे? माझं २००९ चं चित्र दोन वर्षांनी मला दिसलं होतं. खिचडीच्या तांदळाची पोती ठेवायच्या खोलीत, फडताळात, भांड्यांखाली अंथरलेलं. दुसऱ्या बक्षिसाचं चित्र होतं हो ते.

मला वाटतं यामागे नुसता आळस नाही, भीतीही आहे. समजा एखाद्या मुलीने खरंच काढलं, की काका रात्री खोलीत येतो. समजा एखाद्याने काढलं की बाप दारू पिऊन आईला कसं मारतो. समजा आठवीतल्या पोरीने मांडवाचं चित्र काढून खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि तारीखही टाकली. पहिल्या प्रकारात २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे माहिती मिळालेल्या माणसाने पोलिसांना कळवलंच पाहिजे. तिसऱ्यात १०९८ ला फोन करायला पाहिजे, ग्रामसेवकाला गाठायला पाहिजे, गावाशी वैर घ्यायला पाहिजे. खरं चित्र आलं की काम येतं. पृथ्वीभोवती हात धरून उभ्या मुलांच्या चित्रातून कोणतंही काम निघत नाही. म्हणून ती पृथ्वी इतकी लाडकी. आमच्याकडे सर्व्हरचे अलर्ट फार वाजायला लागले की काही लोक बिघाड शोधायच्या आधी अलर्ट म्यूट करतात. मीही केलेत, रात्री तीन वाजता. सकाळी त्याची शिक्षाही भोगली. इथे शिक्षा भोगणारा दुसराच कोणीतरी असतो.

शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे आपली एलिमेंटरी-इंटरमीजिएट, ज्यांनी दिली असेल त्यांना आठवत असेल की त्यात एक पेपर असतो: स्मरणचित्र. पाहिलेलं, लक्षात राहिलेलं काढायचं. तिथेही विषय दिलेले असतात आणि क्लासवाले बाजाराचं तयार चित्र पाठ करून घेतात, ते सोडा. पण नाव किती नेमकं आहे. बालहक्क सप्ताहात करायचंच असेल तर एवढं करा. मुलांना कागद द्या, विषय देऊ नका. फार तर म्हणा, जे तुला आठवतं ते काढ. झाल्यावर प्रत्येक मुलाशेजारी दोन मिनिटं बसा आणि विचारा, हे काय आहे रे, सांग बरं. मग ऐका. क्रमांक काढू नका. ज्यात काही खटकेल ते बाजूला ठेवा आणि शाळा सुटल्यावर त्यावर काम करा, चारचौघांत नाही. बाकीची चित्रं ग्रामसभेत लावा, जिथे मुंडावळ्या बांधायला लावणारी माणसं येऊन बसतात. आणि मूल मागेल तेव्हा त्याचं चित्र त्याला परत द्या. सप्ताह एप्रिलात हलवता आला, टोळ्या परतल्यावर, तर फारच उत्तम. संयुक्त राष्ट्रांना कोणी विचारत नाही की परभणीत वीस नोव्हेंबर कोणत्या महिन्यात साजरा केला.

त्या कुलपांच्या चित्राचं मूळ कागद मी नंतर मागितलं. म्हटलं, मुलीला विचारून, तिची इच्छा असेल तर फ्रेम करून शाळेतच लावू, खर्च माझा. मुख्याध्यापक म्हणाले, सगळी चित्रं अभिलेखासाठी पंचायत समितीत जमा झाली. तिथे फोन केला. दोन टेबलं फिरून उत्तर आलं की बक्षीसपात्र तेवढी ठेवलीत, बाकीची शाळेला परत केली. शाळा म्हणते, आली नाहीत. माझ्या फोनमध्ये त्याचा फोटो आहे, जरासा हललेला, कडेला शिक्षकांचा अंगठा दिसणारा. तो तिच्या आजीच्या फोनवर पाठवावा म्हटलं, तर तो फोन साधा, बटणांचा.

यंदा ऑक्टोबरच्या शेवटी मुख्याध्यापकांचा पुन्हा मेसेज आला. मी लिहिलं की परीक्षक म्हणून मला घेऊ नका, कागदांचे दोन रीम आणि रंगपेट्या पाठवतो, यंदा नंबर काढू नका, चित्रं फक्त मुलांकडून समजून घ्या. त्यांनी दोन हात जोडलेले पाठवले आणि खाली लिहिलं: "कागद नक्की पाठवा सर. विषय आलेला आहे, बालस्नेही गाव. निकष मागचेच आहेत."